वडांना गुंडाळलेला दोरा

नेरवाडीचा नदीकाठ दर पुरात ढासळायचा आणि पाणी थेट घरांत शिरायचं. शेवटी गोजरा पाटलिणीनं सगळं गाव कामाला लावून काठानं वडाचे खुंट रोवून घेतले. वड वाढले, मुळांनी माती आवळून धरली. काठाच्या बिळांत खंड्या पक्षी पुन्हा नांदू लागला.

तेवढ्यात इनामदार दौलतराव कुऱ्हाडवाले घेऊन आले. "आमच्या नव्या माडीवरून नदी दिसत नाही. पाडा सगळे वड!"

लोक गयावया करू लागले. पाटलीण मात्र म्हणाली, "पाडा की! पण आधी तेवढा दोरा तोडा."

पहिल्या वडापासून शेवटच्या वडापर्यंत सुताचा एकच दोरा गुंडाळलेला होता.

"कुणाचा हा?" इनामदार गरजले.

"तुमच्या बाईसाहेबांचा. काल वटपौर्णिमेला त्यांना मीच फिरवलं. एवढे फेरे कशाला, म्हणाल्या. म्हटलं, धन्याला आयुष्य भरपूर हवं ना?"

उगारलेल्या कुऱ्हाडी घाव न घालताच खाली आल्या. इनामदार घाम पुसू लागले.

"बोला सरकार," पाटलीण म्हणाली, "पहिला घाव कुठं घालायचा?"

त्या दिवसापासून वडांना राखणदार मिळाला, तोही इनामदारांच्याच पगारावरचा.