लाजेचा दाखला

एक होतं रान. झाडं होती, पाणी होतं आणि दर पाच वर्षांनी निवडणुकाही होत; तरीसुद्धा रान बऱ्यापैकी टिकून होतं. त्याचं नाव पैलवन. तिथला राजा गेंडा. त्याच्या कातडीला काही बोचत नसे, आणि प्रजेला खंबीर नेतृत्व हवं होतं, म्हणून त्याला निवडून दिलेलं होतं.

पैलवनात धान्याचं मोठं कोठार होतं. कोठारात उंदीर फार झाले. तिथल्या जनावरांना उंदीर पकडायला वेळ नव्हता, कारण ती सभांना जात. म्हणून नदीच्या अलीकडच्या ऐलवनातून मुंगसं बोलावली गेली. त्यात चंपू नावाची एक तरणी मुंगशी होती. ती कामाला लागली, तिथल्याच एका मुंगसाशी तिचं लग्न झालं, आणि यथावकाश तिला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण चंपूच्या परवान्यावर लिहिलं होतं की, नदीवरचा साकव ओलांडून बाहेर पडलं की परवाना संपला. मग तिच्या आईने, सरसाबाईने ठरवलं की आपणच जावं. तिने झाडाझाडांवरून डिंक गोळा केला, लाडू वळले, वेखंड-बाळंतशेपा गाठोड्यात बांधल्या आणि ती साकवाच्या तोंडाशी असलेल्या पाहुणे परवाना कचेरीत जाऊन उभी राहिली.

कचेरीत बगळेसाहेब एका पायावर उभे होते. दुसरा पाय मंजुरीसाठी वर गेलेला होता.

"येण्याचं कारण?"

"लेकीचं बाळंतपण, साहेब. पहिलटकरीण आहे."

"तिथे तुम्ही काय करणार?"

सरसाबाईला वाटलं, चौकशी मायेने चालली आहे. ती खुलली. "काय नाही करणार ते विचारा! बाळाला तेल लावीन, न्हाऊ घालीन, लेकीला शेक देईन. तिला महिनाभर इकडची काडी तिकडे करू द्यायची नाही मी."

बगळेसाहेबांनी सगळं लिहून घेतलं. "म्हणजे काम करणार. पाहुण्याला काम करायची परवानगी नाही. इथल्या दायांच्या पोटावर पाय येतो."

"अहो, मी काय पगार मागणार आहे?"

"फुकट करणार? मग तर प्रकरण गंभीर आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी अर्ज नामंजूर केला.

ऐलवनातल्या साळूबाई साळिंदरीचा मुलगा पैलवनात होता, त्यामुळे तिला सगळं कळत असे. ती म्हणाली, "काम हा शब्द काढायचाच नाही ग बाई. फिरायला जातेय म्हणायचं. तिकडे धबधबा आहे म्हणे."

दुसऱ्या खेपेला सरसाबाईने धबधबा सांगितला. बगळेसाहेबांनी बराच वेळ डोळे मिटले. ते विचार करताहेत की खाली मासा दिसलाय, हे कुणाला कधी कळत नसे.

"लेक अवघडलेली, आणि आई धबधबा बघणार?" त्यांनी लिहिलं, "अर्जदाराचे वर्तन आईसारखे नाही."

सरसाबाई बाहेर येते तोच घुशींचा एक जथा आला. चांगल्या पोसलेल्या घुशी होत्या. त्या गुंतवणूकदार होत्या. बगळेसाहेबांचा दुसरा पाय लगेच खाली आला. घुशींना कारण विचारलं नाही, परत कधी जाणार हेही विचारलं नाही. तसं विचारणं पाहुणचाराला शोभत नाही, असा वरून आदेश होता. त्या कोठाराखालून भुयारी मार्ग काढणार होत्या.

उद्घाटनाला गेंडेमहाराज स्वतः आले. "बंधूंनो आणि भगिनींनो! आजवर आपल्या कोठाराला किती दारं होती? एक! ही मागासलेली अवस्था आम्ही संपवणार आहोत!" टाळ्या पडल्या. घुशींकडे बघून मिशा फेंदारू नयेत, अशी मुंगसांना लेखी ताकीद मिळाली.

चंपूचे दिवस भरत आले. सरसाबाई तिसऱ्यांदा गेली. या वेळी बगळेसाहेबांनी एकच प्रश्न विचारला.

"परत कशावरून याल? घरी कोण आहे?"

"कुणी नाही. मालक गेले. एकच लेक, ती तिकडे."

"मग परत यायचं कारण काय?"

असा प्रश्न शहाण्यासुरत्या पक्ष्याला पडावा, याचंच सरसाबाईला नवल वाटलं. "अहो, जावयाच्या घरी कुणी राहतं का? सव्वा महिना, त्यावर एक दिवस नाही. लाज नाही का मला?"

बगळेसाहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. "याचा दाखला आणा."

सरसाबाईने सरपंच घोरपडीकडून दाखला आणला: 'सरसाबाई मुंगूस यांना लाज आहे. ती जन्मापासून आहे. सव्वा महिन्यापेक्षा जास्त राहिल्यास आम्ही त्यांना नावे ठेवू.' खाली शिक्का होता. दाखला पडताळणीसाठी राजधानीत गेला. ज्याने लाज ही वस्तू स्वतः पाहिली आहे, अशा अधिकाऱ्यानेच सही करायची होती. फाईल या खात्यातून त्या खात्यात फिरू लागली.

इकडे चंपू बाळंत झाली. टिटवी निरोप घेऊन आली: दोन मुली, एक मुलगा. सरसाबाई लाडवांचं गाठोडं घेऊन नदीकाठी धावली. पलीकडच्या काठावर चंपू पिल्लांना घेऊन आली होती. ती फार दमलेली दिसत होती.

"आई! धाकटी दूधच ओढत नाही ग!"

"बसून नको पाजू! कुशीवर घे, कुशीवर! आणि कान बांध, वारं लागेल!"

सीमेपलीकडून केलेलं कामही कामच, असा नियम होता. बगळेसाहेब मध्ये साकवावर उभे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या वेळी खाली मासा नव्हता.

धाकटी पिऊ लागली. सरसाबाई तिथेच मटकन बसली आणि रडली. तिला त्या पोरीचं तोंडसुद्धा नीट दिसलं नव्हतं.

पुढे एके दिवशी कोठार उघडलं, तर आत फक्त भुयार होतं. घुशी धान्यासकट गेल्या होत्या. प्रजा चिडली. निवडणूक तोंडावर होती. गेंडेमहाराज व्यासपीठावर चढले.

"कोण म्हणतं आमच्या राज्यात आलेला पाहुणा परत जात नाही? गेल्या की नाही घुशी? एकही राहिली का? आणि साकवावरून एक तरी आई आत आली का?"

"घूस घालवली, आई अडवली!" प्रजा गर्जली. गेंडेमहाराज मागच्यापेक्षा जास्त मतांनी निवडून आले.

त्यानंतर आठवड्याने सरसाबाईला कचेरीचं पत्र आलं. तिने ते साळूबाईकडून वाचून घेतलं. 'आपला लाजेचा दाखला सर्व खात्यांत, तसेच खुद्द महाराजांकडे फिरवण्यात आला. सदर वस्तू या राज्यात कोठेही आढळत नसल्याने पडताळणी होऊ शकली नाही. अर्ज नामंजूर.'

"मेल्यांनी परत नाकारलं," साळूबाई म्हणाली.

सरसाबाईने पत्र घेतलं, घडी घालून गाठोड्यात लाडवांखाली ठेवलं. "नाकारलं खरं," ती म्हणाली, "पण या खेपेला खोटं काही लिहिलं नाही हो त्यांनी."