रहाटावरची यसू

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, माझ्या आधी सांगणाऱ्यांनाही ते माहीत नव्हतं. पण आमचं उंडीखोल तेव्हाही इथेच होतं, डोंगराच्या पोटात, आणि घरं तेव्हाही झाडांना अगदी चिकटून. कौलांवर फणस ओणवलेला, पडवीवर आंबा. झाड तरणं आहे तोवर ठीक. एकदा का ते पोखरलं, की वारा सुटला रे सुटला, घरातली माणसं जीव मुठीत धरून बसणार. आणि तोडायचं म्हटलं तर ते पडणार कुठे? घरावरच ना! म्हणून आमच्याकडे झाड पाडत नाहीत, उतरवतात. एकेक फांदा दोराला बांधायचा, कापायचा आणि झोपलेलं मूल ठेवावं तसा अलगद खाली ठेवायचा. ही विद्या गावाला यसूने दिली, असं म्हणतात.

यसू आणि धाकू हे बहीणभाऊ. आईबाप एकाच साथीत गेले तेव्हा यसू जेमतेम घागर उचलण्याएवढी होती आणि धाकू तिच्या कडेवर. गावच्या दादाजी खोतांनी दोघांना स्वतः उचलून घरी नेलं. आपल्या लेकरांच्या पंगतीला बसवलं, आजारपणात उशाशी बसले. यसू त्यांना बाबा म्हणायची. माणूस भला होता हो! नाहीतर तुम्ही लगेच खोत म्हटल्यावर नाकं मुरडाल. तो वाईट असता तर यसूने त्याला जवळ उभंही केलं नसतं, आणि मग सांगायला काही उरलंच नसतं.

पुढे एका पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी एक गलबत फुटलं. लोकांनी फळ्या नेल्या, शिडं नेली. यसूने मागून घेतला तो गलबताचा नांगर वर ओढायचा रहाट. म्हणजे कमरेएवढा उंच, जाडजूड सागाचा ओंडका, दोर गुंडाळून गुंडाळून गुळगुळीत झालेला.

"काय गो, परसात नांगर टाकतेस काय?" लोक हसले.

चौघांना हलत नव्हता तो रहाट तिने एकटीने डोक्यावरून घरी आणला, असं म्हणतात. आता मी काही बघायला नव्हतो. ऐकलं तसं सांगतो.

मग दोघांनी काम सुरू केलं. रहाट शेजारच्या धडधाकट झाडाच्या बुंध्याला आवळून बांधायचा. दोराचं एक टोक धाकू वर घेऊन जायचा, उंचावरच्या बेचक्यातून ओवून फांद्याला बांधायचा. खाली यसू दोराचे वेढे रहाटाभोवती घालायची आणि मोकळं टोक हातात धरायची. लाकूड जेवढं जड तेवढे वेढे जास्त, आणि तेही आधी घालायचे. लाकूड एकदा लटकलं, की वेढ्याला हात लावायचा नाही, मग आभाळ कोसळो. वजन रहाट पेलतो, माणसाने फक्त दोर हळूहळू द्यायचा. हाताला तर तो कधीच गुंडाळायचा नाही. आणि खाली कोणी फिरकायचं नाही. लटकत्या लाकडाखाली कोंबडी गेली तरी यसू अशी ओरडायची, की कोंबडीवाली आठ दिवस तिच्याशी बोलायची नाही.

वरून पाल्यात काही दिसायचं नाही. म्हणून कापण्याआधी धाकू हाक मारायचा, "यसू गो, धर!"

"धरलाय!" ती खालून सांगायची.

तेवढं ऐकलं की तो करवत चालवायचा. दुसरं काही विचारायचा नाही. कशाला विचारेल? बहीण होती ती.

आणि मग गावदेवीच्या देवळावर झुकलेली ती सातवीण उतरवायची वेळ आली. केवढं झाड! त्याच्या सावलीत सगळं गाव जेवायला बसायचं. पण आतून पार पोकळ झालेलं, उद्या पडेल की परवा अशी गत. देवीचा कौल घेतला, देवीने उजवा दिला, म्हणजे होकार. दिवस ठरला. सगळं गाव देवळापाशी लोटलं. यसूने सगळ्यांना लांब, दगडी गडग्यापलीकडे बसवलं, वरच्या मोठ्या फांद्यासाठी भरपूर वेढे घातले, टोक हातात घेतलं.

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "अरे, देवीचं काम आणि खोतांचा हात नको लागायला?"

झालं! आमच्या गावात प्रत्येक गोष्टीत मान. पालखीला पहिला खांदा खोतांचा, पहिला नारळ खोतांचा, होळीला पहिली काठी खोतांची. इतकी वर्षं चालत आलेलं, त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. दादाजी गडगा ओलांडून आले. नवं धोतर, डोक्याला पागोटं, चेहरा लहान मुलासारखा फुललेला.

"यसू बाय, एकदाच धरतो. देवीचं काम आहे. मग तू घे."

 यसूला नको म्हणायचं होतं. जिभेवर आलेलं होतं, असं म्हणतात. पण ज्या हाताने भरवलं त्या हाताला सगळ्या गावादेखत नको कसं म्हणायचं? तिने टोक त्यांच्या हातात दिलं आणि बाजूला उभी राहिली. म्हणाली, "बाबा, नुसतं धरा. हाताला गुंडाळू नका."

"अगो, बैल धरलेत मी जन्मभर," दादाजी हसले.

आणि वरून हाक आली, "यसू गो, धर!"

काय करायला हवं होतं तिने? जरा थांब रे, एवढं म्हणायचं होतं. दोर बाबांकडे आहे, एवढं सांगायचं होतं. धाकू वर थांबला असता, कदाचित चिडला असता, दादाजी थोडे हिरमुसले असते. बस्स, एवढंच झालं असतं. पण बाबांचा अपमान नको म्हणून तिने आपल्या नेहमीच्या आवाजात उत्तर दिलं.

"धरलाय!"

करवत चालली. फांदा कडाडला, दोर ताणला. दादाजींनी सवयीने बैलाचा कासरा धरावा तसा दोर मनगटाला गुंडाळला होता. वजन येताच मनगट रहाटाकडे खेचलं गेलं. वेदनेने ते ओरडले आणि हात सोडवायला दुसऱ्या हाताने त्यांनी रहाटावरचे वेढे उपसले. वेढे गेले, तसा दोर मनगट पिळवटून सुसाटला. यसूने झेप घेऊन तो दोन्ही हातांनी पकडला. कातडी जळल्याचा वास गडग्यापलीकडे बसलेल्यांना आला. फांदा हवेत थांबला, पण हिसक्याने झुलला आणि मागे जाऊन बुंध्यावर आदळला. तिथे धाकूने स्वतःला बांधून घेतलेलं होतं.

माणसं धावली. यसूने कोणालाही दोराला हात लावू दिला नाही. सोललेल्या हातांनी तिने आधी तो फांदा जमिनीला टेकवला. मग दोघे जण वर चढले, त्यांनी धाकूला सोडवून त्याच दोराला बांधलं, आणि यसूने आपल्या भावाला खाली घेतलं. त्या वेळी तो दोर इतका हलका सुटत होता, की धाकूच्या कानावर खोचलेलं सुरंगीचं फूल तो जमिनीवर येईपर्यंत पडलं नाही, असं म्हणतात.

धाकू शुद्धीवर होता. बहिणीला म्हणाला, "वजन आलं तेव्हाच कळलं मला. तुझा हात नव्हता गो."

"नव्हता रे."

"मग धरलाय का म्हणालीस?"

 तो तिच्याकडे बघत राहिला, आणि बघता बघताच गेला.

दादाजींचं मनगट पुन्हा कधी वळलं नाही. बारावं झाल्यावर ते यसूच्या दारात येऊन उभे राहिले. "बोल मला. शिव्या दे. काहीतरी बोल."

"तुम्ही मागितलंत, बाबा," यसू म्हणाली. "द्यायचं की नाही ते माझ्या हातात होतं."

त्या दिवसापासून दादाजींनी कुठलाच मान घेतला नाही. पालखी खांद्यावर घेतली नाही, नारळ फोडला नाही. यसू कुठेही लाकूड उतरवायला गेली की ते आपला लुळा हात घेऊन गडग्यावर उभे राहायचे आणि माणसांना लांब ठेवायचे. कोणी पाऊल पुढे टाकलं तर काही न बोलता तो हात वर करून दाखवायचे. मरेपर्यंत त्यांनी हे केलं.

यसूने लग्न केलं नाही. तिच्या तळहातांवर दोराचे पीळ उमटले ते कधी बुजले नाहीत. वर चढलेल्या गड्याला भीती वाटली तर तिला ती दोरातून कळायची, असं म्हणतात. एका वादळात वडाचं खोड एका घरावर कललं. आत बाई बाळंत होत होती, तिला हलवता येईना. यसूने खोडाला दोर लावला, रहाटावर वेढे घातले आणि उभी राहिली. रहाटातून धूर निघाला. बायकांनी विहिरीपासून रांग करून घागरीमागून घागरी त्यावर ओतल्या. विहिरीचा तळ दिसला, पण यसू हलली नाही. बाळ रडलं, बाळबाळंतिणीला उचलून बाहेर काढलं, तेव्हा तिने खोड रिकाम्या घरावर टेकवलं. गावाने तिचा जयजयकार केला. ती म्हणाली, "याच्याऐवजी त्या दिवशी मी एक शब्द बोलले असते तर बरं झालं असतं."

खूप म्हातारी होऊन गेली ती. एक आंबा उतरवत होती. शेवटचं लाकूड अर्ध्यावर असताना तिचा श्वास थांबला, असं म्हणतात. कोणाला कळलंच नाही, कारण दोर तसाच सुटत राहिला, हळूहळू, जराही न अडखळता. लाकूड जमिनीला टेकलं, वरचा गडी उतरून तिच्या पाया पडायला आला, तेव्हा समजलं.

आता रहाट लाकडाचा राहिला नाही. बुंध्याला पट्ट्याने आवळायचा लोखंडी विंच आलाय, दोर नायलॉनचा आलाय, करवत पेट्रोलवर चालते. पण कोणाला त्यावर हात ठेवायचा मान नाही. मागे एक मोठे पाहुणे फोटोसाठी दोर धरायला पुढे झाले, तर विंचवरच्या पोरीने सरळ सांगितलं, "नको साहेब, मागे व्हा." पाहुण्यांचं तोंड उतरलं. उतरू दे.

आणि आणखी एक करतो आम्ही. वरचा गडी विचारतो, "दोर कोणाकडे?" खालच्याने आपलं नाव सांगायचं. तरी करवत चालू होत नाही. वरचा थोडा थांबतो आणि पुन्हा एकदा विचारतो, "दोर कोणाकडे?" दुसऱ्यांदा नाव आलं, की मगच कापतो. बाहेरगावची माणसं हसतात, म्हणतात, ह्यांना एकदा सांगून कळत नाही काय? हसू देत. पहिल्यांदा माणूस भिडेपोटी काहीबाही बोलून जातो. धाकूने दुसऱ्यांदा विचारलं असतं तर यसू खरं बोलली असती, असं आमचं गाव मानतं.