राजाने काढून टाकलेला शब्द

एका राज्यात एक राजा होता आणि त्याला एकुलता एक मुलगा होता. मुलगा शिकारीत मेला. राजाने मांत्रिकाला बोलावले.

"पोराचे जाणे जिव्हारी लागले आहे," राजा म्हणाला. "हे लागणे काढून टाक."

"शब्द काढला तर अख्खा निघतो, महाराज. त्याला अर्थ पुष्कळ. सगळेच जातील."

"जाऊ देत."

मांत्रिकाने शब्दाचे तीन तुकडे केले. ला, ग आणि णे. पहिला विहिरीतल्या अजगराला गिळायला दिला. दुसरा लोखंडी ताडाच्या शेंड्यावर ठेवला. तिसरा राजाच्या मुठीत दिला. राजाचे रडे थांबले.

त्या दिवसापासून राज्यात दिवे पेटेनात. दारे उघडी राहिली. आंबा मोहरला, पण कैरी धरली नाही. केरोबा नावाड्याची नाव काठापासून हातभर अंतरावर थांबे आणि उतारू कमरेइतक्या पाण्यातून चालत जात. भूक कोणाला कळेना. मोठी माणसे सवयीने जेवत. लहानांना कसली सवय? केरोबाची आईबापावेगळी नात मंजी ताटावरून उठून जाई. तिची मनगटे बोरूसारखी झाली.

"मंजे, एक घास खा."

"कशाला, आजोबा?"

हे त्याला सांगता येईना.

त्याच महिन्यात केरोबाची बायको सगुणा मेली. तो तिला जाळून आला, हातपाय धुतले, दोन भाकरी खाल्ल्या आणि नावेवर गेला.

एका सकाळी नावेच्या टोकावर टिटवी येऊन बसली.

"म्हाताऱ्या, पोर पंधरवडा काढणार नाही. तो शब्द आण." तिने तिन्ही ठिकाणे सांगितली.

"तूच का आणत नाहीस?"

"मला हात नाहीत. आणि राजा पाखरांशी बोलत नाही."

केरोबा विहिरीत उतरला. अजगर म्हणाला, "एक डोळा दे."

"डावा घे."

अजगराने डोळा घेतला आणि पहिला तुकडा ओकला. ताडाने त्याच्या दंडातले बळ मागितले. अर्धे देऊन केरोबाने दुसरा तुकडा उतरवून घेतला. मग तो वाड्यात गेला. राजा मूठ आवळून बसला होता.

"मूठ उघडा, महाराज. घरात पोर मरते आहे."

"मूठ उघडली की माझा मुलगा पुन्हा मरेल."

"मरेल. माझी बायकोही मरेल. एकदा मेली तेव्हा मी जेवून कामावर गेलो. चाळीस वर्षे तिने माझ्यासाठी ताट झाकून ठेवले, आणि मी तिच्यासाठी अर्धा दिवस थांबलो नाही. हे बरे नव्हे."

राजाने आवळलेल्या मुठीकडे पाहिले. म्हणाला, "तेव्हा फार दुखत होते, म्हाताऱ्या."

"असेल. मला अजून कळलेले नाही."

राजाने मूठ उघडली.

केरोबाने तिन्ही तुकडे जोडले आणि शब्द मोठ्याने उच्चारला. राज्यात दिवे लागले. दारे लागली. आंब्याला कैऱ्या लागल्या. राजा सिंहासनावरून उतरून जमिनीवर बसला आणि मुलाला हाका मारू लागला. कोणी त्याला उठवले नाही.

केरोबाची नाव काठाला लागली. मंजी दारात उभी होती.

"आजोबा, भूक लागली."

त्याने पेज केली. तिने दोन वाट्या संपवल्या. तिसरी अर्ध्यावर ठेवून ती चुलीकडे बघत राहिली.

"आजी कुठे आहे?"

महिनाभर तिने हे विचारले नव्हते. केरोबाने पळी खाली ठेवली. छातीत काहीतरी एवढे मोठे झाले होते की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"गेली," तो म्हणाला.

मंजी त्याच्या मांडीवर चढली. दोघे रडत बसले. तिकडे वाड्यात राजाही रडत होता.

दुसऱ्या दिवसापासून राज्य पहिल्यासारखे चालू लागले.