चाळीस ओळींचा दम

जुन्या कपड्यांवर भांडी देत मी गल्लोगल्ली फिरते. पन्नाशीत रॅप लिहायला लागले नि मंडळाच्या स्पर्धेत उभी राहिले. परीक्षक सर्वेशसर म्हणाले, "मावशी, फारच सावकाश! हे ऐका." त्यांनी एका दमात चाळीस ओळी ओकल्या. "हे जमत नसेल, तर नाव खोडतो."

मी लोकांकडे वळले. "सरांची एक ओळ सांगा रे कुणीतरी!"

एकालाही ओळ कळली नव्हती.

मग मी माझी म्हटली, "जुनी पँट कपाटात कुजते, माझ्या कढईत भाजी शिजते!" अख्खं मैदान माझ्यामागं म्हणू लागलं.

सरांनी पेन खिशात घातलं. "गुरू कोण तुमचे?"

"तिसऱ्या मजल्यावरच्या बाया. पाया पडते त्यांच्या! हाक एका फटक्यात कळली नाही, तर धाडकन खिडकी लावतात."