सौजन्याची पाटी

माझी नात प्रणोती इंजिनिअरिंगला आहे. तिनं आणि मैत्रिणींनी शेंगा फोडायचं मशीन बनवलं. खर्च एका कंपनीचा, म्हणून मशीनवर ही मोठी पाटी, ‘कंपनीच्या सौजन्याने’. नाव लावायची हौस भारी.

विद्यापीठातल्या प्रदर्शनात सगळ्यांसमोर मशीन अडकलं. मी शरमेनं चपलांकडं बघत बसलो. कंपनीचे दाभाडे साहेब प्रणोतीवर खेकसले, "अक्कल आहे का, गं? हे भंगार आमच्या नावावर नको. पाटी काढ आधी."

पाटी गेली की मदतही गेली. प्रणोतीचे डोळे भरले. तिनं स्क्रू काढले आणि पाटी साहेबांच्या हातात दिली.

"घ्या साहेब, सौजन्य जवळच ठेवा. तुम्हालाच कमी पडतंय."

सगळा हॉल हसला. साहेबाला पाटी कुठं धरावी कळेना. शेवटी अक्षरं पोटाशी दाबून खाली बसला.