चितारणीचा आवाज

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते मला विचारू नका. डोंगराच्या कुशीतल्या एका गावात रीत होती, की नवरीच्या घरची भिंत चितारल्याशिवाय लग्न लागत नसे. आणि गाण्यावाचून भिंत चितारत नसत. एक म्हातारी गायची आणि एक चितारीण गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेघा ओढायची. म्हातारी श्वास घ्यायला थांबली, की चितारणीची काडी आपोआप उचलली जायची. जशी गाण्याची ओळ, तशी रेघ.

एकदा लग्न उद्यावर आलं आणि म्हातारीचा गळा बसला. काढे झाले, शेक झाले. आवाज काही फुटेना.

नवरीची आई रडकुंडीला आली. "वऱ्हाड उंबऱ्यावरून परत जाईल गं!"

"जाणार नाही," चितारीण म्हणाली. "भिंत मी भरीन. गाणं आणते कुठून तरी."

ती ओढ्यावर गेली आणि त्याचा नाद कानात साठवून परतली. पण ओढा कुठे श्वास घेतो? तिची रेघ भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाहत गेली. मग तिने सुतारपक्षी ऐकला. ठिपकेच ठिपके उमटले. बांबूच्या बेटातला वारा ऐकला. उंच, वाकड्या रेघा उठल्या.

मधली जागा उरली. तिथे नाचणारी माणसं हवी होती. चितारणीने ती कुठल्याही नादावाचून, नुसत्या हाताने काढली.

"हा नाच आहे की सरपणाची मोळी?" शेजारीण फिस्सकन हसली.

कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीने चितारणीच्या गळ्याकडे बोट दाखवलं.

"मी? आजी, माझा आवाज ऐकून म्हशी दावं तोडतील!"

म्हातारी कशीबशी कुजबुजली, "म्हशींना लग्नाचं बोलावणं केलंय का?"

चितारणीने ती मोळी गेरूने लिंपून टाकली. जन्मभर ऐकलेली गाणी तिला पाठच होती. गायली मात्र एकही नव्हती. तिने काडी पिठात बुडवली आणि तोंड उघडलं. आवाज फाटला. दारातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ती थांबली नाही. आवाज चिरकला तिथे रेघ अडखळली, सावरला तिथे पुढे गेली. हळूहळू हसणं ओसरलं, आणि कधी बायकांनी धृपद उचललं, ते त्यांनाही कळलं नाही.

दिवेलागणीला भिंत भरली. ओढ्याची रेघ नदी झाली होती, ठिपके पेरलेलं धान्य, वाकड्या रेघा बांबूचं बन. आणि मधली माणसं? एक लंगडत होता, एकीचा पाय जरा जास्तच उंच गेला होता. पण सगळी नाचत होती.

दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीपुढे लग्न लागलं. पुढे त्या गावात भिंत चितारताना, आवाज कसाही असो, चितारीणही गाऊ लागली.

बाकी कशाची खात्री देत नाही, एवढं मात्र ठामपणे सांगतो: उसन्या सुरांनी काम सजतं, पण पुरं होतं ते आपल्याच सुराने, मग तो फाटका का असेना.