खाली टांगलेली माळ

डोंगर उतरून आलं की एक पेठ लागायची. त्या पेठेत एक कासार होता. म्हातारा, ताठ कण्याचा, मोजकं बोलणारा. त्याच्याकडे बांगड्या भरलेली बाई घरी जाऊन सांगायची, "मामांनी हात असा दाबला की कळलंसुद्धा नाही."

कासाराला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे त्याच्या तोंडून 'फुटली' हा शब्द कधी निघाला नव्हता. काचेचा धंदा करणाऱ्यानं तो शब्द उच्चारू नये, बांगडी 'वाढली' म्हणावं, हे त्याला बापानं शिकवलं होतं. दुसरी गोष्ट म्हणजे त्याचा न्याय. पेठेत दोघांची जुंपली की तिसरा म्हणायचा, "चला कासाराकडे. तो तोंड बघून बोलत नाही."

एका बाजाराच्या दिवशी कासारानं सकाळी दुकान मांडलं. नवा माल आला होता. मोरपंखी रंगाच्या बांगड्या, त्यावर सोनेरी ठिपके. अशी माळ पेठेत कुणी पाहिली नव्हती. चांगली माळ तो नेहमी डोक्याच्या वरच्या खुंटीला अडकवायचा. त्या दिवशी मात्र त्यानं ती खाली, ओट्याच्या कडेला, एका खिळ्याला टांगली. सुतळी जुनीच वापरली.

खाली का टांगली, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण त्याला चांगलं ठाऊक होतं. मोठी बाई भाव करते. पोर हट्ट करतं. हट्टापुढे भाव टिकत नाही.

उन्हं वर आली तशी एक घोंगडीवाली बाई आली. डोंगरावरच्या वस्तीतली. बरोबर तिची लहान पोरगी, ठकू. बाईच्या बहिणीचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं. बहिणीच्या आहेरासाठी तिनं एक घोंगडी विणली होती, ती घडी करून काखेत धरली होती. बांगड्यांसाठी पदरात जोंधळे बांधून आणले होते.

"मामा, हिरव्या भरा. दोन्ही हातांत. लग्नाला जायचंय."

"बस," कासार म्हणाला. त्यानं तिचा डावा हात हातात घेतला.

बांगड्या चढू लागल्या. एक मधेच तडकली आणि तिचे तुकडे बाईच्या मांडीवर पडले.

ठकू ओरडली, "आई, फुटली!"

"फुटली म्हणू नये, पोरी. वाढली म्हणावं."

ठकूनं तुकड्यांकडे पाहिलं. "वाढली कुठे? ही तर बारीक बारीक झाली."

भोवतीच्या बायका हसल्या. कासार हसला नाही, पण त्याच्या मिशा हलल्या.

"मग आता आई हिचे पण जोंधळे देणार?"

"नाही. मनगटात चढेपर्यंत बांगडी कासाराची. चढली की बाईची. माझ्या हातून गेली ती माझी गेली. आमच्यात असंच आहे, बापजाद्यांपासून."

ठकूला ते पटलं. तिनं मान हलवली आणि ती दुकानात इकडे तिकडे बघू लागली.

डावा हात भरून झाला. कासारानं उजवा हात घेतला. शेजारच्या गूळवालीची शेळी ओट्यापाशी येऊन घोंगडी हुंगू लागली, म्हणून बाईनं शेजारी ठेवलेल्या घोंगडीवर डावा हात घट्ट ठेवला.

तेवढ्यात खळ्ळकन आवाज झाला.

कासारानं मान वळवली. खिळ्याला सुतळीचं टोक लोंबत होतं. खाली मोरपंखी काचांचा सडा. त्यातून काही बांगड्या गडगडत रस्त्यावर चालल्या होत्या. आणि मधोमध शेळी उभी होती, कान टवकारून.

"फुटल्या!" कासार ओरडला.

हा शब्द या तोंडून पेठेनं कधी ऐकला नव्हता. कासारानं उठून शेळीचा कान धरला.

"गूळवाले! ये इकडे. बघ तुझ्या शेळीचे प्रताप!"

गूळवाली पदर खोचून आली. "माझी शेळी काय बांगड्या भरायला आलीय का तुझ्याकडे? तिला कशाला हवी तुझी काच?"

"दाव्याला बांधता येत नाही?"

"बांधलीच होती तुझ्या ओट्याला. तूच सकाळी म्हणालास ना, सोड, माझ्या गिऱ्हाइकांना शिंगं लागतील?"

"तोंड चालवू नको. नुकसान भर. नाहीतर शेळी इथंच राहील."

"मग दूधही तूच काढ! लाथा खाशील तेव्हा कळेल."

कासारानं शेळी खांबाला बांधायला घेतली. गूळवाली रडकुंडीला आली. तोंडानं कितीही फाडफाड बोलली तरी एवढी एकच शेळी होती तिची.

तेव्हा ओट्याच्या आडून बारीक आवाज आला.

"शेळीनं नाही केलं. मी केलं."

ठकू पुढे आली. तिच्या मुठीत एक मोरपंखी बांगडी होती. अख्खी.

"मला नुसता हात लावायचा होता. माळच खाली आली."

तिनं ती बांगडी ओट्यावर ठेवली आणि आईच्या पदराला धरून उभी राहिली.

आता सगळ्यांनाच तोंड फुटलं. गूळवाली सगळ्यांत पुढे. "बघा! आणि माझ्या मुक्या जनावरावर आळ!" दुसरी म्हणाली, "पोर अजाण असतं, पण आईला कळायला नको? काचेच्या दुकानात पोराचा हात धरून ठेवावा." एक आजोबा म्हणाले, "बाजारात पोरं आणावीतच कशाला?"

मग सगळ्यांनी कासाराकडे पाहिलं. कासारानं मिशीवर हात फिरवला.

"पोर हिची. तेव्हा नुकसान हिनं भरावं."

"बरोबर आहे," लोक म्हणाले.

घोंगडीवालीनं वाद घातला नाही. पदरातले जोंधळे त्या माळेला पुरणार नाहीत, हे तिला दिसत होतं. तिनं शेजारची घोंगडी उचलली, एकदा तिच्यावरून हात फिरवला आणि ओट्यावर ठेवली.

"ही घ्या मामा. लोकर चांगली आहे. पाऊस आत येत नाही. आणि उजवा हात राहू द्या, तसाच."

"एका हातानं लग्नाला जाणार?" गूळवाली म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता.

"पदराखाली घेईन."

ठकूनं वर पाहिलं. "आई, मग मावशीला काय द्यायचं?"

"बघू."

"मी गप्प बसले असते, तर यांनी शेळी घेतली असती ना?"

तिनं ते तक्रार म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आईनं नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

कासाराला ते लागलं. काचेचा कण जातो तसं आत गेलं. त्याला दिसलं की ही पोर आज घरी एक धडा घेऊन जाणार. खरं बोललं की घोंगडी जाते, गप्प बसलं की दुसऱ्याची शेळी जाते. आणि हा धडा आपण देतोय.

बांगड्या भरून झाल्या की बाई कासाराला वाकून नमस्कार करते. एकच हात भरला होता, तरी रीत चुकू नये म्हणून घोंगडीवाली वाकली. डाव्या हाताच्या बांगड्या किणकिणल्या. उजवा हात मुका राहिला.

कासाराची नजर तिच्या वाकलेल्या डोक्यावरून मागच्या खांबावर गेली. वर, माणसाच्या डोक्याच्या वर, खुंटी होती. रिकामी. खाली ओट्याच्या कडेला खिळा होता. ठकूच्या खांद्याएवढ्या उंचीवर.

हे दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. येणारही नव्हतं. घोंगडी ओट्यावर होती, निवाडा झाला होता, लोक पांगायला लागले होते. कासार गप्प राहिला असता तर त्याच्या न्यायाचं नाव तसंच राहिलं असतं.

"थांबा सगळे," तो म्हणाला.

लोक थांबले.

"निवाडा चुकला माझा."

असं तो पहिल्यांदाच म्हणत होता.

"चांगली माळ मी रोज वरच्या खुंटीला लावतो. आज खाली लावली. पोरांचा हात पोचावा, त्यांनी हट्ट करावा, आयांनी भाव न करता घ्यावी, म्हणून. पोराचा हात पोचला. मी ज्यासाठी टांगली तेच तिनं केलं. सुतळी कुजकी होती, तीही माझीच."

तो लोकांकडे वळला.

"आणि तुम्ही म्हणता आईनं पोरीचा हात का नाही धरला. कसा धरणार? तिचा हात मी धरला होता."

"मग नुकसान तूच सोस की!" गूळवाली म्हणाली.

"सोसतो. आधी तुझी शेळी सोड. माझा खांब चाटतेय."

लोक हसले. कासारानं घोंगडी उचलून बाईच्या हातात दिली. पण तिनं ती लगेच काखेत घेतली नाही.

"मामा, फुकटची माफी नको मला. एक हात तुमच्याकडे होता हे खरं. दुसरा माझाच होता. तो मी घोंगडीवर ठेवला, पोरीवर नाही. माझा वाटा मला द्या."

कासारानं तिच्याकडे नीट पाहिलं. ताठ माणसाला ताठ माणूस कळतो.

"लोकरीचा दोर वळता येतो?"

"बैल बांधाल असा."

"मग पुढच्या बाजाराला एक दोर आण. माळ टांगायला. फिटलं."

"आणि मी?" ठकूनं विचारलं.

"तू केलंस, मग तुला सोडीन होय?" कासारानं डोळे वटारले. "काचेला हात लावायचा नाही. ती मी झाडीन. रस्त्यावर गेलेल्या अख्ख्या बांगड्या गोळा करून आण, आणि बस इथं ओवत. आईचा हात भरून होईपर्यंत उठायचं नाही."

ठकू पळाली. गुळाच्या ढिगामागून, शेळीच्या पायांतून बांगड्या शोधून आणल्या. मग मांडी घालून ओवत बसली. अगदी गुपचूप. एकेक बांगडी दोन्ही हातांनी धरत होती. कासारानं काच झाडली आणि बाईचा उजवा हात घेतला. या वेळी एकही बांगडी वाढली नाही.

उठताना घोंगडीवाली पुन्हा वाकली. आता दोन्ही हात वाजले. तो नमस्कार घ्यावा की नाही, असा कासार क्षणभर घुटमळला. मग घेतला.

पुढच्या बाजाराला मायलेकी दोर घेऊन आल्या. काळा, पिळदार, चिवट. कासारानं ओढून पाहिला आणि मान हलवली. उरलेली मोरपंखी माळ त्या दोरानं वर खुंटीला गेली.

खालचा खिळा त्यानं काढला नव्हता. त्याला आता दुसरी माळ होती. छोट्या छोट्या पितळी बांगड्यांची.

ठकू माळेसमोर उभी राहिली. दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"लाव हात," कासार म्हणाला.

"पडल्या तर?"

"पडल्या तर उचल."

ठकूनं एक बोट लावलं. बांगड्या किणकिणल्या. मग तिनं पूर्ण हात लावला.

तात्पर्य एवढंच: पोराच्या हातून काही मोडलं, तर आधी मोठ्यांनी बघावं की आपला हात कुठे होता. ज्याचा जेवढा वाटा, तेवढा त्यानं उचलावा. आणि पोर खरं बोललं, तर त्या खऱ्याचा दंड त्याच्याकडून घेऊ नये.